शुगरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न : इन्सुलिन अंगात काय करतं आणि काहून कमी पडतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात एका बाजाराच्या गावी माझा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी बाकावर बसलेल्यांत निम्मे लोक शुगरचे असतात. प्रश्न तेच ते येतात, पण मागे पंचवीस जण खोळंबलेले असताना उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागतं. म्हणून ती उत्तरं इथे निवांत लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्या तोंडून आले तसेच ठेवले आहेत. गोळीचा किंवा सुईचा डोस मात्र हे वाचून कोणी बदलू नका, तो तुम्हाला तपासूनच ठरतो.

“मी त चहातही साखर घेत नाही, मंग मले शुगर काहून झाली?”

पहिला नंबर याच प्रश्नाचा. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो, आपल्यावर आळ आल्यासारखा.

धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आता जेवणाचं ताट बघा. दोन भाकरी, वरण आणि मूठभर भात पोटात गेला की आतड्यात पिठाची साखर होते, आणि ती शंभर ग्रॅमच्या वर सहज जाते. एक चमचा मावतो तिथे दोन-अडीच तासांत वीस चमचे येऊन पडतात. तरी निरोगी माणसाचा रिपोर्टमधला साखरेचा आकडा जेवणानंतर सहसा १४०च्या वर जात नाही. आलेला सगळा माल जागच्या जागी लावून देण्याचं काम इन्सुलिन करतं. हे काम अडलं की शुगर होते. मग तुम्ही चहा गोड घ्या नाहीतर फिका, भाकरीची साखर होणार ती होणारच.

गोड खाण्याचा काहीच संबंध नाही असंही म्हणत नाही. दिवसाला सहा कप गोड चहा म्हणजे वजनात भर आहेच. पण मूळ दुखणं साखरेच्या डब्यात शोधू नका.

“हे इन्सुलिन आपल्या अंगात बनते कुठं?”

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची बारीक बारीक बेटं असतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ती पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, म्हणून त्यांना त्याचं नाव मिळालं. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. ते एक लहानसं प्रथिन आहे, एकावन्न अमिनो आम्लांचं. आधी एक लांब साखळी तयार होते, तिच्या मधला तुकडा कापला जातो आणि उरतं ते इन्सुलिन. कापलेल्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली तर घाबरू नका. जेवढं इन्सुलिन तेवढेच हे तुकडे, त्यामुळे तुमचं स्वतःचं उत्पादन किती उरलंय ते त्यावरून कळतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो, म्हणून सुई घेणाऱ्यालाही ही तपासणी चालते.

बीटा पेशीला साखर वाढल्याचं कळतं कसं? साखर पेशीत शिरते आणि जळते. त्यातून ऊर्जा तयार झाली की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात. त्यामुळे विजेचा भार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या खिशात ग्लिमेपिराइडची गोळी आहे. ती गोळी हेच दार परस्पर बंद करते, साखर आलेली असो की नसो. म्हणून ती घेऊन उपाशी वावरात जायचं नाही. मेटफॉर्मिन वेगळी. ती यकृताला साखर सोडण्यापासून आवरते, बीटा पेशींना हात लावत नाही. त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनने साखर खाली कोसळण्याची भीती फार कमी.

“बनलेलं इन्सुलिन मंग जाते कुठं?”

हा प्रश्न आयटीआयला शिकणाऱ्या एका पोराने विचारला होता, आपल्या आजाच्या सुईचा हिशोब समजून घ्यायला. मला फार आवडला.

स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं. यकृत त्यातलं जवळपास निम्मं तिथेच वापरून मोडून टाकतं. ‘आता जेवण आलंय, तू तुझ्याकडची साखर सोडणं बंद कर’ हा यकृताला पहिला हुकूम. उरलेलं इन्सुलिन पुढे स्नायू आणि चरबीकडे जातं. स्नायूंच्या पेशींत साखर घेण्याची दारं एरवी आत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन पेशीला बाहेरून चिकटलं की ती दारं पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते. चरबीला हुकूम असतो की साठलेलं बाहेर सोडू नको. मेंदूला मात्र साखर घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही.

काम झालं की इन्सुलिन टिकत नाही. रक्तातलं इन्सुलिन दर चार ते सहा मिनिटांनी निम्मं होत जातं, म्हणजे बीटा पेशींना दिवसभर थोडं थोडं सोडतच राहावं लागतं. मोडण्याचं काम यकृतानंतर मुख्यतः किडनीचं.

इथे एक गोष्ट सांगतो. एक काका तीन वर्षं तोच डोस घेत होते. एका दिवाळीनंतर आले ते खुशीत. “डॉक्टर, शुगर आपोआप उतरली, आता डोस अर्धा करा.” पहाटे घाम येतो हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, धोतराचा सोगा सावरत उठताना. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, काढलं तर वाढलेलं. किडनी थकली होती, इन्सुलिन मोडत नव्हती, आणि तीच सुई त्यांच्या अंगात जास्त वेळ रेंगाळत होती. वजन, जेवण किंवा गोळ्या काहीच न बदलता शुगर अचानक उतरायला लागली, तर पेढे वाटण्याआधी किडनी तपासून घ्या.

“रेझिस्टन्स म्हणजे का जी?”

हंगामात कापूस खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरची रांग कशी लागते ते तुम्ही पाहिलंय. आत गोदाम भरलेलं, फाटकावरचा माणूस ट्रॉली आत घेत नाही, बाहेर हॉर्नवर हॉर्न. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे तेच. गोदाम म्हणजे स्नायू आणि यकृत, ट्रॉली म्हणजे साखर आणि हॉर्न म्हणजे इन्सुलिन. चरबी तिच्या हक्काच्या जागी, म्हणजे कातडीखाली, मावेनाशी झाली की ती यकृतात, स्नायूंत आणि पोटातल्या आतड्यांभोवती साचते. तिथे ती इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. इन्सुलिन दाराला चिकटतं, पण आतली माणसं उठत नाहीत.

मग शरीर काय करतं? आणखी इन्सुलिन सोडतं. आधी एका हॉर्नने काम होत होतं, आता तीन लागतात. या काळात तुमचा शुगरचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो, कारण जास्तीचं इन्सुलिन ओतून साखर कशीबशी ताब्यात ठेवलेली असते. असं वर्षानुवर्षं चालतं. शेवटी बीटा पेशी दमतात, काही मरतात, आणि साखर वर येते. युनायटेड किंगडममधल्या एका मोठ्या अभ्यासाच्या हिशोबाने, रोगाचं निदान होतं त्या दिवशी बीटा पेशींचं निम्मं काम आधीच गेलेलं असतं. “मागच्या महिन्यातच झाली” असं आपण म्हणतो, पण महिन्याभरापूर्वी फक्त रिपोर्ट आलेला असतो.

माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आहे. आपण साखर मोजतो, आणि बिघाड तिच्या कितीतरी आधी इन्सुलिनमध्ये सुरू झालेला असतो. म्हणून सगळ्यांनी इन्सुलिनची महागडी तपासणी करा असं मी सांगत नाही, त्याची गरज नाही. शिंप्याची टेप पुरते. खाली बघा.

“मी त काडीवाणी बारीक आहो. मंग?”

हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याची खालची बटणं ताणलेली, असे लोक मला रोज दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, स्नायूला कमी, पण त्या मानाने चरबीला जास्त असतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. गोऱ्या माणसाइतकंच वजन असलं तरी आपल्या अंगात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायू कमी. म्हणजे माल साठवायची जागाच मुळात लहान. आई पोटुशी असताना अर्धपोटी राहिली आणि पोराला पुढे भरपूर खायला मिळालं, तर हा ताण आणखी वाढतो. आमच्या भागातल्या पन्नाशीच्या किती लोकांचं बालपण तसं गेलं, ते मी सांगायला नको.

टेप बेंबीवरून अंदाजाने लावू नका. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८०च्या वर असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, रक्त तपासा. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ झाला की वजन जास्त धरतात. पंचवीसचा आकडा गोऱ्यांसाठी.

“पोरीच्या मानेवरचा काळा पट्टा घासूनही काहून निघत नाही?”

कारण तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत, कातडी जाड, मखमलीसारखी आणि काळपट होते, ती बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. लिंबू, बेसन, दगड, सगळं लावून झालेलं असतं आणि पोरीला बोलणीही खाऊन झालेली असतात. तिला बोलू नका. कंबर मोजा, पाळी नियमित आहे का ते विचारा.

“बीपी, लिवरची चरबी न शुगर हे सारं एकाच माणसाले काहून?”

एकाच मुळाच्या फांद्या आहेत म्हणून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हा गठ्ठा एकत्र बांधून दाखवला. आता त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

यातली गंमत यकृतात आहे, आणि ती मला आजही चकित करते. इन्सुलिन यकृताला दोन हुकूम देतं : साखर बनवणं थांबव आणि चरबी बनव. रेझिस्टन्स आला की यकृत पहिला हुकूम ऐकत नाही, दुसरा मात्र ऐकतच राहतं. इन्सुलिन तर आधीच तिप्पट झालेलं. त्यामुळे यकृत रात्रभर साखरही सोडतं आणि चरबीही बनवतं. सकाळची उपाशीपोटी शुगर वाढते, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं. “रात्री त काहीच नाही खाल्लं, मंग सकाळी १६० कशी?” या कोड्याचं उत्तर हेच. ती साखर तुमच्याच यकृताने रात्रीतून सोडलेली असते.

वाढलेलं इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, ते बीपीला हातभार लावतं. अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, म्हणून पाळी लांबते आणि हनुवटीवर केस येतात. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. त्यातला तंबाखू इन्सुलिनचा असर कमी करतो, बीपी आणि हृदयाचं नुकसान वेगळं. दारू सोडली म्हणून अभिमानाने सांगणारा माणूस खर्ऱ्याची पन्नी खिशात घालूनच समोर बसलेला असतो.

“उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली, मंग सुटलो ना?”

उपाशीपोटी १००च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर म्हणजे शुगर. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४०च्या आत ठीक, २०० किंवा वर म्हणजे शुगर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७च्या आत ठीक, ६.५ किंवा वर म्हणजे शुगर. लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

उपाशीपोटीची चांगली पण जेवणानंतरची बिघडलेली, असे लोक आपल्याकडे बरेच सापडतात. दोन्ही करा. तिशीच्या वरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येऊन कंबर, खर्रा-तंबाखू, घरात कोणाला शुगर, हे विचारून फॉर्म भरतात ना, तो त्याचसाठी. तिला दारातून परत पाठवू नका.

“आमच्या घरात सिकलसेल आहे. तीन महिन्यांची टेस्ट चालते का?”

विदर्भात हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने स्वतःहून विचारायला हवा, पण विचारला जात नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमच्या यवतमाळकडेही सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, घरं आहेत. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासणीची कार्डं बऱ्याच जणांच्या हाती आली.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींवर किती साखर चिकटली याचं माप. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशोब लागतो. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. तिच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग शुगर वाढलेली असूनही आकडा खोटा कमी येतो, आणि माणूस निश्चिंत राहतो. अशा रुग्णाने ही टेस्ट धरून चालू नये. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघावी. नुसता वाहक असेल तर पेशी नेहमीइतकी जगते, टेस्ट बहुतेक वेळा चालते. पण काही मशिनी वाहकाच्या रक्ताने गोंधळतात, तेव्हा लॅबवाल्याला आधी सांगा. लोहाच्या कमतरतेने उलट होतं, आकडा खोटा वाढू शकतो. नुकतं रक्त चढवलं असेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

“भात सोडू का? भाकर चालते का?”

आमच्याकडे ज्वारीचा पेरा सोयाबीनने खाल्ला, आणि रेशनवर आला गहू-तांदूळ. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाला तर भाताशिवाय जेवण नाही. तेव्हा ‘भात बंद’ म्हणणं मला सोपं आहे, तुम्हाला नाही.

ज्वारीची भाकर पोळीपेक्षा बरी, तरी ती फुकटात नाही. एका मोठ्या भाकरीला पाऊणशे ग्रॅम पीठ लागतं, त्यातलं पन्नास ग्रॅमच्या वर शेवटी साखरच होते. “भाकर चालते” म्हणून चार खाणारे भेटतात. दोनची दीड करा आणि रिकामी झालेली जागा तुरीच्या घट्ट वरणाने, चुनाने (बेसनाच्या पिठल्याने), आंबाडीच्या किंवा चवळीच्या भाजीने भरा. जेवायला बसल्यावर आधी भाजी-वरण खा, मग भाकर किंवा भात घ्या. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची उडी कमी होते. संत्रं खायचं तर सोलून फोडी खा. रस काढला की चार संत्र्यांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ. उपवासाच्या दिवशी शुगर वाढते ती त्यानेच. त्यापेक्षा भगर थोडी, शेंगदाणे आणि ताक बरं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास धरण्याआधी मला येऊन भेटा. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं विचारू नका. त्या दिवशी मी स्वतः पुरणपोळी खातो, एकच.

“दिवसभर वावरात राबतो, अजून फिराले जाऊ का?”

खरंच राबत असाल तर नको. पण सरळ सांगा, वर्षातले किती दिवस? डवरणी, फवारणी, कापूस वेचणी या दिवसांत घाम निघतो. वेचणी मात्र बहुतेक ठिकाणी बायाच करतात, हे बाजूला ठेवू. फेब्रुवारीनंतर पारावर पत्ते चालतात, मोटरसायकलवर वावरात चक्कर होते. शुगरला तो रिकामा काळ नडतो.

स्नायू आखडले-सैलावले की साखरेची ती गुंडाळलेली दारं इन्सुलिनच्या हुकमाशिवाय उघडतात. फाटकावरच्या माणसाला न विचारता मागच्या दाराने माल आत. व्यायामाचा असर पुढे एक-दोन दिवस टिकतो, म्हणून दोन दिवसांहून मोठी खाडी पडू देऊ नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गावाच्या फाट्यापर्यंत चाललात तरी फरक दिसतो. पायात बूट घालून चाला. सुन्न पायात पऱ्हाटीचा खुंट घुसतो आणि संध्याकाळी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

आणि जागल. रानडुकरं-रोही हाकलायला रात्र रात्र मचाणावर, किंवा थ्री फेज लाईन रात्रीच मिळते म्हणून ओलिताला. झोप मोडली की इन्सुलिनचा असर कमी होतो, हे पक्कं माहीत आहे. त्यावर माझ्याकडे गोळी नाही. घरात दोघं-तिघं असाल तर पाळ्या लावा, शुगरवाल्याच्या वाट्याला कमी रात्री द्या.

“सुई लागली म्हणजे आता खेळ खलास?”

१९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉमसन नावाचा चौदा वर्षांचा पोरगा शुगरने मरणाच्या दारात होता. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी बनवलेला इन्सुलिनचा अर्क त्याला टोचला, तो नीट लागू पडला नाही. त्यांचा साथीदार कॉलिप याने तो शुद्ध करून दिला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला, आणि साखर उतरली. त्याआधी अशा पोरांना उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवणं एवढाच इलाज होता. शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं.

ज्याने माणसं जगली त्याच औषधाला आपण ‘शेवटची सुई’ म्हणतो. कारणही कळतं. लोकांना सुई फार उशिरा दिली जाते, तोवर किडनी-पाय गेलेले असतात, आणि बोल सुईला लागतो. कधी कधी ती थोड्या दिवसांपुरतीही असते : साखर चारशेवर गेली, ऑपरेशन आहे, बाई पोटुशी आहे. दमलेल्या बीटा पेशींना विसावा मिळाला की काही जण परत गोळीवर येतात. ज्यांची पेशीच उरली नाही त्यांना ती कायम लागते, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

“सुईची टोपी लाल की केशरी, फरक पडते का?”

जीव जाण्याइतका. बाटलीवरचं इन्सुलिन दोन ताकदीचं येतं : एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १००. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला केशरी. शंभरची बाटली आणि लाल टोपी अशी गाठ पडली आणि तुम्ही वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात पन्नास युनिट जातात. उलट गाठ पडली तर विसाच्या जागी आठच. दुकानातून आणलं की बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही मोठ्याने वाचा, चष्मा नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून एकजीव करा, खळखळा हलवू नका. एकाच जागी टोचून टोचून चरबीचा गोळा होतो आणि तिथून औषध कधी लागतं, कधी नाही. दर वेळी जागा बोटभर सरकवा.

“आमच्याकडं फ्रीज नाही. उन्हाळ्यात इन्सुलिन कुठं ठेवू?”

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त. अशा गरमीत इन्सुलिन नासतं. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत लागते, तेव्हा घरी साठा करू नका. मेडिकलवाल्याच्या फ्रीजमधून एका वेळी एकच न्या. फोडलेली बाटली पंचवीस-तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. फोडल्याची तारीख पेनाने लिहा.

मडक्याची युक्ती चांगली चालते. मोठ्या पसरट मडक्यात रेती भरा, तिच्यात लहान मडकं बसवा, रेती सकाळ-संध्याकाळ ओली करा. बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. सावलीत, हवा लागेल तिथे. आपला उन्हाळा कोरडा म्हणून हे झकास गार राहतं, पावसाळ्यात तितकं नाही. शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकण्याच्या लायकीचं. पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळात गुठळ्या राहिल्या, तर टोचू नका.

“वावरात अचानक घाम फुटते, हातपाय थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते.”

साखर ७०च्या खाली गेली असेल. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या. बिस्किट, पेढा नको, त्यातल्या तुपाने साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटं सावलीत बसा, बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, मग भाकर खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, गालाच्या आत गूळ-साखर दाबायची नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. आमच्याकडचे एक भाऊ साखरेची पुडी दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून बांधतात. दुपट्टा विसरत नाहीत, म्हणून साखरही विसरत नाहीत.

“गुडमारचा पाला खाल्ला तर?”

गुडमार चावला की जिभेला गोड कळेनासं होतं, हे खरं आहे, करून बघा. म्हणून रक्तातली साखर गोळी बंद करण्याइतकी मरते असं नाही. कारल्याची भाजी खुशाल खा. बिननावाच्या पुड्या मात्र नको, आत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि सांधेदुखीसाठी कुठे ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेत असाल तर मला सांगा. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं, आणि त्याने शुगर भडकते.

“लेकरू आठ वर्षांचं आहे. त्याले कशी शुगर?”

ही वेगळी शुगर, टाइप वन. इथे रेझिस्टन्सचा प्रश्न नाही. शरीराच्या संरक्षक पेशी चुकून आपल्याच बीटा पेशी मारतात, इन्सुलिन बनतच नाही. लेकरू सारखं पाणी पितं, मुततं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आठवड्या-दोन आठवड्यांत वाळतं. पुढे पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. इन्सुलिन नसल्याने चरबी बेलगाम सुटते आणि रक्तात आम्ल साचतं. हे लेकरू मांत्रिकाकडे, जंताच्या औषधाकडे किंवा नुसत्या सलाइनकडे नेण्यात वेळ गेला तर हातचं जातं. बोटाच्या एका थेंबाने निदान होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात “आधी शुगर बघा” असं तुम्हीच म्हणा. त्याला इन्सुलिन जन्मभर लागेल, रोज. “पोरगी आहे, सुई कोणाला कळू देऊ नका” म्हणणारी एक आजी मागच्या वर्षी भेटली. पोरगी आता स्वतः टोचून घेते आणि सायकलने शाळेत जाते.

“शुगर कायमची जाते का?”

‘कायमची’ हा शब्द मी वापरत नाही. गोळ्यांशिवाय आकडे नॉर्मल राहणं काहींना जमतं. ब्रिटनमध्ये २०१७ साली छापून आलेल्या एका चाचणीत, शुगर होऊन सहा वर्षांच्या आतल्या लोकांना काही महिने अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. वर्षाने ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय ठीक होते. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात तर ८६ टक्के. यकृत-स्वादुपिंडातली चरबी उतरली की दमलेल्या बीटा पेशी पुन्हा कामाला लागतात. पण ती माणसं वजनाने भारी होती. आपल्या पंचावन्न किलोच्या काकांनी पंधरा किलो आणायचे कुठून? त्यांनी पोटाचा घेर चार-पाच सेंटिमीटर उतरवला तरी माझं समाधान आहे. वजन परत आलं की शुगरही परत येते, आणि जुनी झालेली, सुईवर गेलेली शुगर अशी मागे फिरणं अवघड.

“तपासणीले येताना उपाशी यायचं का?”

हो, आठ तास. पाणी चालतं. चहा नको, बिनसाखरेचाही नको, आणि रस्त्यात खर्राही नको. पहिली एसटी सव्वासातला येते, मी साडेसातला असतो. डबा सोबत आणा, रक्त दिल्यावर इथेच बाकावर बसून खा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तास मोजून दुसरं रक्त द्या. तोवर बाजार करून आलात तरी चालेल, पण भज्याच्या गाडीवर थांबू नका, मला रिपोर्टमध्ये दिसतं.